प्रवेशाचा निबंध आणि आपले कर्तव्य

(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात धाराशिव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुणगौरवाच्या या समारंभात एखाद्या निवृत्त शिक्षकाने विद्यार्थ्यांस उपदेशाचे चार शब्द सांगावेत, असा आपल्याकडे प्रघात आहे. यंदा तो मान कार्यकारिणीने मला दिला, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. मात्र आज उपदेश करावयाचाच झाला तर तो विद्यार्थ्यांस न करता त्यांच्या आईवडिलांस करावा, असे मी ठरवून आलो आहे. विद्यार्थ्यांनी तो ऐकावा, आणि घरी गेल्यावर वेळोवेळी आपल्या वडिलांना त्याची आठवण करून द्यावी!

विषय थोडासा नवा आहे. बारावीनंतर कॉलेजात प्रवेश मागताना काही ठिकाणी विद्यार्थ्याला केवळ गुणपत्रिका जोडून भागत नाही. स्वतःविषयी एक निबंध लिहून द्यावा लागतो. तो निबंध लिहिण्याच्या कामी घरच्या वडीलधाऱ्यांनी मुलास साहाय्य कसे करावे आणि कोठे हात आवरावा, हे मला आज सांगावयाचे आहे.

प्रथमच स्पष्ट केले पाहिजे की, आपल्या बहुसंख्य मुलांना असा निबंध लिहावा लागत नाही. इंजिनिअरिंगसाठी राज्याची सीईटी असते, वैद्यकीय शिक्षणासाठी नीट असते, आणि तेथे गुणानुक्रमाचा आकडाच सर्व काही ठरवतो. परंतु या मळलेल्या वाटांखेरीज दुसऱ्याही वाटा आज उघडल्या आहेत. हरयाणातील सोनीपतच्या अशोका विद्यापीठात पदवीच्या प्रवेशासाठी अर्जासोबत निबंध मागतात, आणि ज्याची ऐपत नाही त्याला फीमध्ये सवलत देण्याची सोयही तेथे आहे. अमेरिकेतील शेकडो कॉलेजे 'कॉमन अॅप' नावाच्या एकाच सामाईक अर्जावर प्रवेश देतात. त्यातील मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा असावा लागतो. इंग्लंडमधील विद्यापीठांचे अर्ज 'यूकास' या संस्थेमार्फत जातात. तेथे पूर्वी एकसलग निवेदन द्यावे लागे. २०२६ साली सुरू होणाऱ्या वर्षाच्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न केले आहेत. हाच विषय तुला का शिकावयाचा आहे, आजवरच्या अभ्यासाने तुझी त्यासाठी कोणती तयारी झाली, आणि शाळेबाहेर तू असे काय केलेस की ज्याचा येथे उपयोग होईल? पदवीनंतर परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यास तर शिष्यवृत्तीपासून प्रवेशापर्यंत पदोपदी अशीच निवेदने लिहावी लागतात.

आपल्या जिल्ह्यातील तुळजापुरात टाटा समाजविज्ञान संस्थेचे केंद्र १९८६ पासून आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुलेमुली तेथे शिकावयास येतात, आपल्या खेड्यापाड्यांतून हिंडतात आणि आपल्याविषयी प्रबंध लिहितात. इतरांच्या मुलांनी आपल्याविषयी लिहावे, आणि आपल्याच मुलांना स्वतःविषयी एक पान लिहिता येऊ नये, ही गोष्ट मला शिक्षक म्हणून बोचते.

आता, या निबंधात परीक्षक शोधतात तरी काय? हे समजावून सांगण्यासाठी मला दूर जावयास नको. येथून जवळच तेर आहे. गोरोबाकाकांच्या अंगणात जमलेल्या संतमेळ्याची कथा आपल्या समाजातील लहान पोरालाही ठाऊक असते, कारण ती आपल्या नामदेव महाराजांची कथा आहे. मुक्ताईने थापटण्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारले. याने मडके कच्चे की पक्के ते कळते, असे गोरोबा म्हणाले. आणि मग त्यांनी एकेका संताच्या मस्तकावर थापटणे मारून पाहिले. बाकीचे स्वस्थ बसले. नामदेव मात्र रागावले, आणि ते कच्चे ठरले. ही कथा सांगताना आपल्याला थोडा संकोच वाटतो. परंतु पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. आपण कच्चे आहोत हे नामदेवांनी मनोमन मान्य केले, ते विसोबा खेचरांना शरण गेले, आणि त्या कबुलीपासूनच त्यांचे खरे शिक्षण सुरू झाले.

प्रवेशाचा निबंध वाचणारा प्राध्यापक हेच थापटणे हाती घेऊन बसलेला असतो. मडक्यावरची वेलबुट्टी त्याला नको असते. आतून नाद कसा येतो ते त्याला ऐकावयाचे असते. शिवाय सतरा वर्षांचे मूल पक्के भाजलेले असावे अशीही त्याची अपेक्षा नसते. माती कोणती आहे, आणि आपण कोठे कच्चे आहोत हे त्या मुलास ठाऊक आहे काय, एवढेच तो पाहतो.

वेलबुट्टीचे काय होते, याचे एक मौजेचे उदाहरण इंग्लंडात घडले आहे. २००७ साली यूकासने सुमारे ५०,००० अर्जांतील निवेदने एकमेकांशी ताडून पाहिली. तेव्हा असे आढळले की, २३४ विद्यार्थ्यांनी आपल्या आठव्या वाढदिवशी रसायनांचा प्रयोग करताना आपापला पायजमा जाळून घेतला होता! एकाच वयाच्या २३४ मुलांचे पायजमे एकाच रीतीने जळावेत, हे आपल्यासारख्या शिंप्यांनाही पटण्यासारखे नाही. कोण्या एका मुलाचे निवेदन नमुना म्हणून कोठे तरी प्रसिद्ध झाले होते आणि बाकीच्यांनी ते उतरून घेतले होते. त्याच तपासणीत १७५ जणांनी एका वृद्ध व आजारी आजोबांचा उल्लेख सारख्याच शब्दांत केला असल्याचेही निघाले. पहिल्या मुलाचा पायजमा कदाचित खरोखरीच जळाला असेल. दुसऱ्याच्या अंगावर मात्र तो दुसऱ्याच्या मापाचा कपडाच होता, आणि दुसऱ्याच्या मापाचा कपडा लांबूनही ओळखू येतो.

आपली मुले या बाबतीत अधिक अडचणीत असतात, आणि त्याला आपली शाळाही कारण आहे. आपण मुलांकडून निबंध लिहून घेतो ते 'पावसाळ्यातील एक दिवस', 'मी पंतप्रधान झालो तर', 'माझा आवडता नेता' या विषयांवर. त्यांतील वाक्ये मार्गदर्शकातून पाठ केलेली असतात. ज्या गावात जून कोरडा गेला, त्या गावचा विद्यार्थीही वहीत धो धो पाऊस पाडतो आणि हिरव्या गालिच्याचे वर्णन करतो. त्याला गुणही मिळतात. दहा-बारा वर्षे या रीतीने लिहिल्यावर मुलाचा असा समज होतो की, निबंधात जे लिहावयाचे ते पाहिलेले नसलेच पाहिजे. अशा मुलापुढे एकाएकी 'तू कोण आहेस ते सांग' असा प्रश्न आला म्हणजे ते गोंधळून जाते, आणि 'मला लहानपणापासून संगणकाची अत्यंत आवड आहे' असे लिहून मोकळे होते.

मग खरा निबंध असतो कसा? त्याचा उत्तम नमुना आपल्याच भाषेच्या प्रदेशातील एका मुलीने सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी घालून दिला आहे. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आपण सर्वांनी ऐकले आहे, परंतु त्यांनी प्रवेशासाठी जो अर्ज केला त्याकडे आपले लक्ष जात नाही. आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न झाले. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. अमेरिकेस जाण्याचे ठरल्यावर लोकांनी प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी कलकत्त्याजवळील सेरामपूर येथे कॉलेजच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीतून भाषण केले. भाषणाची रचना अगदी साधी होती. लोक जे विचारीत तेच प्रश्न त्यांनी एकामागून एक घेतले. अमेरिकेसच का जाता? येथे शिकण्याची सोय नाही काय? एकट्या का जाता? परत आल्यावर वाळीत टाकले तर? काही संकट ओढवले तर? आणि बायकांनी आजवर केले नाही ते तुम्हीच का करता? बोलणारीला अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते.

त्या एप्रिलमध्ये बोटीने निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, आणि न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाच्या आश्रयास असताना २८ जून १८८३ रोजी त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजच्या चालकांस पत्र लिहिले. ते पत्र फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दप्तरात आजही जपून ठेवले आहे. त्यातील तीन गोष्टी मी आपल्या ध्यानात आणून देतो. पहिली, आपल्या शिक्षणातील उणीव त्यांनी झाकली नाही. प्रवेशाच्या सर्व अटी आपल्याकडून पुऱ्या होणार नाहीत, तरी आपली परिस्थिती वेगळी आहे हे पाहावे, असे त्यांनी सरळ लिहिले. दुसरी, येण्याचा हेतू त्यांनी नेमका सांगितला. पुरुष डॉक्टरापुढे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींस योग्य वैद्यकीय मदत मिळावी, हा तो हेतू. आणि तिसरी गोष्ट अशी की, आपण आप्तेष्टांच्या आणि स्वतःच्या ज्ञातीच्या एकत्रित विरोधास न जुमानता येथवर आलो आहोत, हेही त्यांनी त्याच पत्रात नमूद केले.

त्यांना प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. पुढील वर्षी २६ फेब्रुवारीस पुण्यात त्यांचे निधन झाले, ही सर्वांना ठाऊक असलेली हळहळ.

ज्ञातिबंधूंनो, त्या तिसऱ्या गोष्टीपाशी मी मुद्दाम थोडा थांबतो. आपण आज एका ज्ञातिसंस्थेच्या मंडपात बसलो आहोत. एका मुलीने आपल्या अर्जात स्वतःच्या ज्ञातीविषयी कडू परंतु खरे वाक्य लिहिले, आणि आज त्याच मुलीचा अभिमान सारा महाराष्ट्र बाळगतो. त्या दिवशी ते वाक्य एखाद्या वडीलधाऱ्याने 'घराण्याची अब्रू जाईल' म्हणून खोडले असते, तर पत्रात काय उरले असते? वैद्यकाची आवड आहे, एवढेच उरले असते. तशी आवड तर पुष्कळांस असते.

याही आधी, १८५५ साली, जोतिराव फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग समाजातील लहान विद्यार्थिनीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय' पत्रात दोन भागांत छापून आला होता. तिने जे पाहिले व सोसले तेच लिहिले, आणि त्यात कोणाचीही भीड ठेवली नाही. म्हणूनच तो निबंध पावणेदोनशे वर्षांच्या सुमारास आजही वाचला जातो. मराठी मुलाला स्वतःविषयी लिहिता येत नाही असे म्हणणाऱ्यास ही दोन नावे पुरेशी आहेत.

आता आपल्या घरात येऊ. गेल्या काही वर्षांत समाजातील चार-पाच मुलेमुली असे निबंध दाखविण्यासाठी माझ्याकडे आली. मी स्वतः मॅट्रिकपलीकडे शिकलो नाही, आणि माझे इंग्रजी प्राथमिक शाळेच्या फळ्यावर मावेल एवढेच. तरीही या कामी मला अडचण आली नाही. त्याचे कारण एका मुलाच्या उदाहरणावरून कळेल.

हा मुलगा एका तालुक्याच्या गावचा. वडिलांचे शिवणकामाचे लहानसे दुकान. त्याने आणलेल्या कागदावर संगणकाची आवड, देशसेवेची इच्छा आणि अपयश ही यशाची पहिली पायरी, हे सर्व क्रमाने मांडलेले होते. मी कागद बाजूला ठेवला आणि विचारले, "शाळा सुटल्यावर तू काय करतोस?" तो म्हणाला, "दुकानात बसतो, गुरुजी. काजं-बटणं करतो, आणि मापं लिहून घेतो." "मापे कोठे लिहितोस?" "वहीत." "त्या वहीत तुला काही विशेष दिसले काय?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला की, जूनमध्ये शाळेच्या गणवेशाची मापे घेताना एकाच वर्गातल्या मुलांच्या मापांत फार फरक पडतो. आणि ज्यांचे आईबाप ऊसतोडीला जातात त्या काही मुलांचे माप वर्ष उलटले तरी फारसे वाढलेले दिसत नाही. ती आयाबाया मात्र दरवर्षी म्हणतात, वाढत्या अंगाचे शिवा, दोन वर्षे पुरले पाहिजे. मग वडील शिवणीत आणि दुमडीत नेहमीपेक्षा जास्त माया ठेवतात. पुढल्या वर्षी ती उसवून सोडतात, त्याचे पैसे घेत नाहीत.

मंडळी, शिवणीत सोडलेल्या जास्तीच्या कापडाला आपण 'माया' म्हणतो, हे त्या मुलाला जन्मापासून ठाऊक होते. परंतु त्यात लिहिण्यासारखे काही आहे असे त्याला वाटले नव्हते. मी त्याला एकच गोष्ट सांगितली: "हे जसे मला सांगितलेस तसे मराठीत लिहून आण." आठ दिवसांनी तो पाच पाने घेऊन आला. त्यातून हळूहळू असे निघाले की, त्याला संगणकाची आवड आहे ती आकड्यांसाठी. मुलांची मापे, वये, घरचे काम यांचा एकमेकांशी काही संबंध लागतो काय, हे त्याला शोधावयाचे आहे. ज्या शास्त्रात हे शिकवतात त्याला संख्याशास्त्र म्हणतात, एवढे नाव तेवढे मी पुरविले.

अडचण पुढेच आली. निबंध वडिलांनी ऐकला आणि ते अस्वस्थ झाले. मला म्हणाले, "आवं गुरुजी, आपली उधारीची वही त्या लांबच्या लोकांना कशाला दाखवायची? कुणाचं पोर वाढत नाही, कुणाचे पैसे राहिलेत, हे सांगायचं असतंय व्हय?" त्यांचे म्हणणे निम्मे रास्त होते. गिऱ्हाइकाच्या घरची गोष्ट शिंप्याने बाहेर बोलू नये, हा आपल्या धंद्याचा धर्म आहे. म्हणून गावाचे, गिऱ्हाइकांचे आणि मुलांचे नाव किंवा ओळख पटेल अशी एकही खूण निबंधात राहू नये, असे ठरले. उरलेल्या निम्म्या म्हणण्यात मात्र आपल्या दुकानाचा संकोच होता. मी त्यांना विचारले, "तुमच्या दुकानाविषयी यात एक तरी वाक्य खोटे आहे काय?" ते म्हणाले, "खोटं काय नाही." "मग लाज कोणती?" यावर त्यांनी उत्तर दिले नाही, परंतु दुसऱ्या दिवशी मुलाबरोबर जुन्या मापांच्या तीन वह्या पाठवून दिल्या.

आपण विचाराल, त्याला प्रवेश मिळाला काय? एका ठिकाणी मिळाला नाही. दुसऱ्या ठिकाणी मिळाला, पण फीची सवलत पुरेशी नसल्याने जाता आले नाही. आज तो पुण्यात संख्याशास्त्राची पदवी घेत आहे, आणि त्याच निबंधाच्या आधारे लिहिलेल्या अर्जावर त्याला एक शिष्यवृत्ती मिळाली आहे. निबंध उत्तम असला की दार उघडतेच, असे मी आपणास खोटे आश्वासन देणार नाही. दार उघडो वा न उघडो, आपण कोणते दार ठोठावीत आहोत आणि का, हे त्या मुलाला या निमित्ताने कळले, हा लाभ कोणी काढून घेऊ शकत नाही.

या अनुभवावरून पालकांनी काय करावे ते थोडक्यात सांगतो.

वेळ अगोदरपासून काढावा. अकरावीची परीक्षा संपली की सुट्टीतच आरंभ करावा. बारावीच्या दिवाळीनंतर प्रात्यक्षिके, सराव परीक्षा आणि शिकवण्या यांच्या गर्दीत असे लेखन होत नाही. मुलाला एक साधी वही द्यावी. ज्या दिवशी काही पाहिले, काही खटकले, काही बिघडले वा काही जमले, त्या दिवशी त्याने चार ओळी टिपाव्यात. ती वही पालकांनी त्याच्या परवानगीवाचून उघडू नये.

प्रश्न विचारावेत, आणि उत्तराची वाट पाहावी. तुझा दिवस कसा जातो? कोणते काम कोणी न सांगता करतोस? कोणत्या गोष्टीचा राग येतो? कोणता विषय वाचताना वेळेचे भान राहत नाही? तुझे मत कधी बदलले, आणि कशामुळे? असे पाच-सहा प्रश्न पुरेत. आपल्या घरांतून मुलांना प्रश्न पुष्कळ विचारले जातात. परंतु त्यांचे उत्तर आपल्याला अगोदरच ठाऊक असते, आणि तेच आपल्याला ऐकावयाचे असते. येथे तसे करून चालणार नाही. मूल गप्प राहिले तर आपणही गप्प राहावे. आजी-आजोबांचा या कामी फार उपयोग होतो, कारण त्यांना सवड असते. १९७२ च्या दुष्काळात कामावर गेलेली किंवा १९९३ च्या सप्टेंबरातील भूकंपाची ती पहाट पाहिलेली माणसे आपल्या घरात आहेत. त्यांच्याशी बोलताना मुलाला आपण कोठून आलो ते समजते. मात्र निबंध आजोबांचा होऊ नये. आजोबांचे ऐकून नातवाने काय केले, ते त्यात यावे.

पहिला खर्डा मराठीत लिहू द्यावा. ज्या भाषेत मूल रडते आणि भांडते, त्या भाषेत ते खोटे कमी लिहिते. इंग्रजी नंतर करता येते, आणि साधे, लहान वाक्यांचे इंग्रजी चालते. शब्दकोशातून उपसलेल्या भारी शब्दांनी कोणी भुलत नाही. खर्डा लांबला तरी हरकत नाही. कापड आधी पुरेसे घ्यावे, बेतणे मागाहून. ६५० शब्दांची मर्यादा असेल तर सहा-सात गोष्टी कोंबू नयेत. एकच घ्यावी आणि नीट सांगावी. बक्षिसांची यादी अर्जात दुसरीकडे येतेच. ती निबंधात परत नको. शेवटी मुलाने निबंध मोठ्याने वाचावा. जेथे त्याची जीभ अडखळेल किंवा मान खाली जाईल, तेथे काहीतरी उसने आहे असे समजावे.

आता हात कोठे आवरावा तेही ऐका. पालकांनी एकही वाक्य स्वतः लिहू नये. पैसे घेऊन निबंध लिहून देणारे लोक मोठ्या शहरांतून आहेत. त्यांच्या वाटेस जाऊ नये. आणि आता तर प्रश्न टाकताच क्षणात निबंध तयार करून देणारे यंत्रही प्रत्येकाच्या खिशातील फोनवर आले आहे. त्याला शब्दाचा अर्थ विचारावा, व्याकरण विचारावे. पण आपले आयुष्य त्याला लिहावयास सांगू नये. कॉमन अॅपने २०२३ पासून यंत्राचा मजकूर स्वतःचा म्हणून देणे हे फसवणुकीत धरले आहे. तो नियम नसता तरी माझे सांगणे तेच राहिले असते. त्या यंत्राला पायजमा जाळणारी मुले हजारोंनी ठाऊक आहेत. तुमच्या दुकानातील वही ठाऊक नाही.

आणखी एक धोका उलट्या बाजूचा आहे. काही मुलांना कोणी तरी शिकवून ठेवते की, गरिबी जितकी रंगवाल तितका प्रवेश सोपा. तसे करू देऊ नका. आपल्या घरची अडचण असेल तर ती आहे तेवढीच, एका वाक्यात लिहावी. बापाच्या फाटक्या सदऱ्याचे प्रदर्शन मांडून मिळविलेल्या प्रवेशाने बापाची मान उंच होत नाही. अडचण सांगितल्यावर आपण त्यातून काय शिकलो, काय केले, हे सांगण्यास जागा उरली पाहिजे.

मुलींच्या बाबतीत मला दोन शब्द अधिक बोलावयाचे आहेत. माझ्याकडे आलेल्यांपैकी एका मुलीने लिहिले होते की, बारावीनंतर घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली आणि तिने ती एक वर्ष थांबविण्याची विनंती केली. ते वाक्य तिने लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. कागदावर तिन्ही खुणा दिसत होत्या. तिच्या आईने ते वाचले आणि म्हटले, "राहू दे. खरंच आहे." त्या माउलीचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. निबंधास साहाय्य कसे करावे, हे मी पाऊण तास सांगतो आहे; तिने ते चार शब्दांत केले.

आता शेवटी संस्थेस एक विनंती. आपण दरवर्षी टक्केवारी पाहून बक्षिसे देतो. ती चालू ठेवावीतच. परंतु पुढील वर्षापासून या व्यासपीठावर दोन मुलांनी व दोन मुलींनी स्वतःविषयी लिहिलेले एकेक पान वाचून दाखवावे, आणि आपण सर्वांनी ते मध्येच न बोलता ऐकावे. त्यात आपल्या धंद्याविषयी, घराविषयी, कदाचित या संस्थेविषयीही न रुचणारे काही येईल. आल्यास येऊ द्यावे. समाजात इंग्रजी चांगले जाणणारे प्राध्यापक, बँकेतील व कचेरीतील बंधुभगिनी आहेत. त्यांनी महिन्यातून एक रविवार अशा मुलांसाठी राखून ठेवावा, आणि लेखणी मुलाच्याच हाती राहू देऊन त्याचे लेखन तपासून द्यावे. यासाठी संस्थेस एका खोलीपलीकडे काहीही खर्च नाही.

वाढत्या अंगाचा कपडा शिवताना आपण आत माया ठेवतो, कारण उद्या ते मूल किती वाढेल हे आज आपल्याला माहीत नसते. मुलांच्या शब्दांच्या बाबतीतही आपण तेवढा विश्वास बाळगावा, एवढेच माझे मागणे आहे.

 यंदा यशस्वी झालेल्या विद्यार्थ्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करून, आणि ज्यांना यंदा यश आले नाही त्यांना विसोबांच्या दारी गेलेल्या नामदेवांची आठवण देऊन, मी आपली रजा घेतो.